बहिऱ्या कार्डाला ऐकू आलं, काका!

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं "चाललं, चाललं!" ओरडले आणि आभार मानायचे राहूनच गेले. माझ्या जुन्या संगणकाचं नेटवर्क कार्ड तुमच्यामुळे चाललं, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण माझ्यासारखं धडधाकट कार्ड भंगारात टाकायला निघालेलं आणखी कोणीतरी असणारच.

ते जुनं पेंटियम मी जपून ठेवलंय ते त्याच्या दोन सिरियल पोर्टांसाठी (कॉम१ आणि कॉम२). दोन्ही रोजच्या वापरात आहेत. नेटवर्कसाठी आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये एनई२००० जातीचं कार्ड, रियलटेक ८०१९ चिपचं, १० मेगाबिटवालं. ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. डीमेसेजमध्ये (बूट होतानाच्या नोंदीत) कार्ड एनई१ या नावाने दिसलं, मॅक पत्ता (कार्डाची स्वतःची ओळख) बरोबर आला, स्विचवरचा दिवाही लागला. पिंगला (दुसऱ्या मशीनला मारलेल्या हाकेला) मात्र उत्तर नाही, आणि थोड्या थोड्या वेळाने पडद्यावर तेच रडगाणं: "एनई१: डिव्हाइस टाइमआउट".

मी तीन केबल बदलल्या, स्लॉट बदलला, अख्खी सिस्टिम नव्याने टाकली. (हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.) त्याच मशीनवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्राम) लावला तर एआरपीचे, म्हणजे "हा पत्ता कोणाचा?" असे, माझेच प्रश्न दिसत होते, उत्तर एकही नाही. कार्ड मेलं, असं मी ठरवून टाकलं.

तुम्ही विचारलंत, "मॅक पत्ता वाचता येतोय ना? मग मेलेलं कसं?" आणि मग, "टीसीपीडम्प पलीकडून लाव." लॅपटॉपवर लावला आणि मी खुर्चीत सरळ बसले. जुन्या मशीनचे प्रश्न लॅपटॉपपर्यंत व्यवस्थित पोचत होते, लॅपटॉप दर वेळी उत्तरही देत होता. म्हणजे केबल, स्विच, कार्डाचं पाठवणं, सगळं ठीक. फक्त आलेलं उत्तर कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, कानी पडत नव्हतं. तीन केबलींचा हिशेब तिथेच मिटला.

मग तुम्ही व्हीएमस्टॅट या आज्ञेने इंटरप्ट, म्हणजे उपकरणांनी प्रोसेसरला मारलेल्या हाका, मोजायला लावलेत. यादीत एनई१चं नावच नाही. एकही इंटरप्ट न आलेली उपकरणं दाखवणारा 'झेड' पर्याय जोडला तेव्हा नाव आलं, पुढे शून्य. इतक्या वेळात एकदाही नाही!

तुम्ही जे समजावलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. मॅक पत्ता वाचताना प्रोसेसर स्वतः कार्डाच्या पोर्टवर (कार्डाशी बोलायच्या ठिकाणी) जाऊन विचारतो, तिथे इंटरप्ट लागत नाही. पाठवतानाही कर्नल पॅकेट कार्डाच्या १६ किलोबाइट मेमरीत ठेवतो आणि हुकूम सोडतो. पण "पाठवून झालं" किंवा "काहीतरी आलंय" हे कार्डाने सांगायचं ते इंटरप्टनेच. कर्नल इंटरप्टच्या १० नंबरवर कान लावून बसलेला. "कार्ड कडी वाजवतंय गं, पण शेजारच्या दाराची," हे तुमचं वाक्य. वाट बघून कर्नल वैतागतो आणि कार्ड रीसेट करतो. तोच तो टाइमआउट.

शेजारचं दार कुठलं, हे कार्डावर शोधून सापडेना, कारण जंपरच (सेटिंग बदलायच्या पिना) नव्हते. सेटिंग कार्डावरच्या ईईप्रॉम या छोट्या कायमच्या मेमरीत असतं आणि ते डॉस या जुन्या सिस्टिममधूनच बघायचं, म्हणून तुम्ही कपाटातून फ्लॉपी काढून दिलीत. निघाला इंटरप्ट ३. मूळ एनई२०००चं कारखान्यातलं सेटिंगही हेच असायचं, पोर्ट हेक्स ३०० आणि इंटरप्ट ३. गंमत म्हणजे ३ हा रिवाजाने कॉम२चा, आणि आयएसएवर दोन उपकरणांनी एक इंटरप्ट वाटून घेणं सहसा जमत नाही.

मला वाटलं होतं, बूट करतानाच कर्नलला १०च्या जागी ३ सांगून मोकळं व्हावं. तुम्ही नाही म्हणालात. एक तर कॉम२ मला हवाच आहे. दुसरं, कर्नल बदलला की हा उद्योग पुन्हा. कर्नलला वळवण्यापेक्षा कार्डालाच १० वर न्या, हा तुमचा सल्ला आता पटतो. तेव्हा मात्र मला ती उगाच हट्टी वाट वाटली होती.

आणि १० वर नेऊनही ते चाललं नाही! त्या रात्री मी तुम्हाला फोन करायचं टाळलं, खरं तर. सकाळी तुमचाच आला: "बायोसमध्ये १० कोणाला दिलाय बघ." बायोसने (मशीन सुरू होताना चालणाऱ्या प्रोग्रामने) तो दुसऱ्याच एका, पीसीआय जातीच्या, कार्डाला वाटून टाकला होता. १० समोर 'लेगसी आयएसए' निवडलं, मशीन सुरू केलं आणि पहिल्याच पिंगला उत्तर. व्हीएमस्टॅट मी नंतर उगीचच पाच-सहा वेळा चालवला, आकडा वाढताना बघायला.

काका, "नवं कार्ड घे" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, आणि कीबोर्ड माझ्या हातातून घेतलाही नाहीत. दोन्हीबद्दल मनापासून आभार.

कार्डाच्या पत्र्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: पोर्ट हेक्स ३००, इंटरप्ट १०. तुमची फ्लॉपी रविवारी आणून देते. तिची डीडी या आज्ञेने एक इमेज (हुबेहूब प्रत) काढून ठेवली आहे, चालेल ना?

तुमची,
तीन केबलवाली