हजेरीत एक रकाना वाढवा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

शाळांच्या ऑनलाइन हजेरीबद्दलची पत्रे मी आपल्या अंकात वाचतो आहे. रेंज नाही, मोबाइल जुना, हजेरी घेणारा चॅटबॉट मध्येच अडकतो, या तक्रारी खऱ्याच आहेत. पण रेंज चांगली असलेल्या गावातही जी हजेरी खोटी लागते, तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. मी लिहितो, कारण ती मी लावलेली आहे.

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत 34 वर्षे नोकरी केली. त्यातली शेवटची 9 मुख्याध्यापक म्हणून. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ट्रक दारात उभा राहतो आणि नवरा-बायकोच्या कोयत्यासोबत (ऊसतोडीत जोडीला कोयताच म्हणतात) पोरंही गाडीत चढतात. दिवाळीची सुट्टी संपवून शाळा भरली की पाचवीच्या 31 पोरांतली 13 बाकावर दिसायची. हंगामी वसतिगृह असतं, नाही असं नाही. आजीजवळ राहून पोरं तिथं दोन वेळा जेवतात. पण बऱ्याचदा वसतिगृहाची मंजुरी यायची तेव्हा टोळी कारखान्यावर पोचलेली असायची. शिवाय कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी लागतेच. तिला मागे कोण ठेवतं?

आता हजेरीपत्रकाचं सांगतो. सलग महिनाभर न आलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं. शाळाबाह्य मूल सापडलं की खुलासा द्या, भेटी दाखवा. पट, म्हणजे नोंदलेली विद्यार्थीसंख्या, उतरला तर शिक्षकाचं पद जातं. म्हणून वीस-पंचवीस 'गै' (गैरहजर) झाले की मध्ये एखादा दिवस ते मूल 'हजर'. आमचे एक वर्गशिक्षक सकाळी मस्टरवर सही करता करता हळूच विचारायचे, "सर, आज कुणाकुणाला आणायचं?" आणायचं म्हणजे कागदावर. मी दोन-तीन नावं सांगायचो. 2023 मध्ये हजेरी मोबाइलवर गेली, तेव्हा एवढाच फरक पडला की पेनाऐवजी बोट चालू लागलं.

2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, पटावरची पोरं खरंच आहेत का ते मोजलं आणि एकच पोर दोनदा मोजू नये म्हणून बोटाला शाई लावली. ती झाली 3 ते 5 तारखेला आणि दसरा होता 6 तारखेला. आमची शाळा शंभर टक्के भरली. शेरा उत्तम मिळाला. तपासणारे महिनाभर उशिरा आले असते तर अर्धी शाई बाटलीतच राहिली असती.

या सगळ्याचा मूल्यमापनाशी संबंध आहे, म्हणून एक प्रसंग सांगतो. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. पाचवीला विषयाला 50 पैकी 18 गुण हवेत, कमी पडले तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर तोच वर्ग. त्या वर्षी मार्चच्या शेवटी एक मुलगी कारखान्यावरून परतली. तिला जवळ बसवून गणित बघावं म्हणून फळ्याकडे वळलो, तर तिने दप्तरातून कारखान्याच्या वजनकाट्याची पावती काढली. बापाने सांभाळायला दिलेली. भरलेली गाडी 3,120 किलो, रिकामी 640. "दोन हजार चारशे ऐंशी," मी विचारायच्या आत ती म्हणाली. काटा मारतात, म्हणजे वजन कमी दाखवतात, असं बापाला वाटायचं, म्हणून प्रत्येक पावतीची वजाबाकी तिच्याकडे होती. वर म्हणते, "पावती बरोबर असती गुरुजी, काटाच खोटा आसंल तर काय कळणार?"

गणितात तिला 21 मिळाले. मराठीत 9. उतारा वाचताना जोडाक्षर आलं की ती थांबायची, बोट ठेवायची आणि पुढचा शब्द धरायची. तेव्हा हे गुण चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. तिला वाचता येत नव्हतं. परीक्षेनं खरं सांगितलं, खोटं आम्ही सांगत होतो. तिच्या प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंद होती : 'शाळेत नियमित उपस्थित राहते. परिपाठात आवडीने सहभागी होते.' या नोंदी तयार मिळतात, व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरते, 31 पोरांना वाटून टाकायच्या. कुणी लिहिली ते सोडा, खाली सही माझी होती. पाच महिने कोपीत काढलेली पोर, नियमित उपस्थित!

पुढे पुनर्परीक्षेत ती पास झाली, असं मला निवृत्तीनंतर कळलं. पण नापास झाल्यावर तिला जो जास्तीचा अभ्यास मिळाला, तो आल्या आल्या, परीक्षेच्या आधी मिळाला असता तर? तो द्यायचा कुणाला हे ठरवायलाच आमच्याकडे खरा कागद नव्हता. नोंदीप्रमाणे ती वर्गातच होती ना.

माझी मागणी छोटी आहे. हजेरीत 'हजर' आणि 'गैरहजर' यांच्या जोडीला 'स्थलांतरित' असा तिसरा रकाना द्या. पुढे कारखाना आणि तालुका. ही माहिती मिळवायला सर्वेक्षण लागत नाही, कोणता कोयता कुठं आहे हे मुकादमाच्या वहीत तारखेसह असतं. आज आम्ही शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे पोर जिथं जाईल तिथल्या शाळेत दाखवायचा कागद. ते बापाच्या पेटीत जातं, तिथून परत येतं, मध्ये कोणी मागत नाही. त्याऐवजी पोर ज्या तालुक्यात गेलं तिथल्या केंद्रप्रमुखाच्या (काही शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) मोबाइलवर नाव दिसू द्या. सीमेपलीकडे बेळगावच्या बाजूला जाणाऱ्या टोळ्यांना याचा उपयोग नाही, हे मान्य.

आणि हा रकाना भरला म्हणून शाळेचा पट घटणार नाही, खुलासा मागितला जाणार नाही, हे आदेशात स्पष्ट लिहा. नाहीतर तो रकाना रिकामाच राहील. मी नोकरीत असतो तर मीही रिकामा ठेवला असता.

टोळ्या दसऱ्यानंतर निघतील. आदेश काढायचा तर त्याआधी काढावा.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
ता. शिरूर कासार, जि. बीड