आधी हात सैल सोड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तबल्यावर कायदा (ठरावीक बोलांची बांधणी) ठायीत, म्हणजे संथ लयीत, नीट वाजतो, पण दुगुनीला, म्हणजे दुप्पट वेगाला, गेलं की मनगट आवळतं, खांदा वर चढतो आणि ‘तेटे’ या बोलांचा नुसता खडखडाट होतो, असं तू लिहिलंस. तिथवर ठीक. पण ‘या वयात बोटं वळत नाहीत बहुतेक’ हे शेवटचं वाक्य मला अजिबात पटलं नाही, म्हणून हे लांबलचक लिहायला बसलोय.

बोटं वळतात रे. अडचण वयाची नाही, घाईची आहे. बोट खाली नेणारे स्नायू वेगळे, वर उचलणारे वेगळे. निवांतपणी एक काम करतो तेव्हा दुसरा सैल पडतो. घाई झाली की दोन्ही एकदम आवळतात. मग कितीही जोर लाव, तो हातातल्या हातात खर्ची पडतो, पुडीपर्यंत, म्हणजे तबल्याच्या कातड्यापर्यंत, पोचतच नाही. आणि हात जे वारंवार करतो ते सगळंच शिकतो. आवळलेल्या मनगटाने ‘धाधा तेटे’ घोटत राहिलास तर बोलांबरोबर आवळणंही पाठ होईल. तयारी झाली की सैलपणा आपोआप येईल, असं बहुतेक जण धरून चालतात. तसं होत नाही. सैलपणाचाही रियाज पहिल्या आवर्तनापासूनच करावा लागतो.

‘ना’ वाजवून बघ. तर्जनी चाटीवर, म्हणजे पुडीच्या काठावर, पडते, अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेशी टेकलेली असते. ती नुसती टेकलेली हवी. दाबलीस की नाद गुदमरतो. शाईमुळे तबल्याचे उपस्वर सुरेल पटींत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच मांडलं होतं. अनामिकेचा हलका स्पर्श मूळ कंप थोपवतो आणि वरचे सूर मोकळे होतात, म्हणून ‘ना’ असा स्वच्छ वाजतो. तेव्हा हात ताठ झालाय का हे तुला दुसऱ्या कुणी सांगायला नको. ‘ना’ कोरडा पडला की समज, हात आवळला.

आता लयीचं. तू मिनिटाला ८० मात्रांवर लेहरा (ताल धरून ठेवणारी, फिरून फिरून येणारी धून) लावून दुगुन करतोस, म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन बोल. तो लेहरा ४० वर आण. तीनतालाच्या सोळा मात्रांच्या एका आवर्तनाला २४ सेकंद लागतील. पहिले काही दिवस जीव कासावीस होईल, कारण दोन मात्रांमधली जागा मोठी वाटते आणि ती भरून काढायचा मोह होतो. भरू नकोस. त्या जागेत बोट उठून सैल पडलं का, एवढंच बघ. डग्ग्याची घुमक कुठपर्यंत टिकते ते ऐक. ‘धा’ला दोन्ही हात खरोखर एकाच क्षणी पडतात का, तेही ऐक. धीर धरणं म्हणजे वेग येईपर्यंत दात-ओठ खाऊन बसणं, असं मला कधीच वाटलं नाही. ठाय लयीत ऐकण्यासारखं इतकं असतं की त्यात रमलेला माणूस वेगाची वाट बघत बसत नाही. मग लय थोडी थोडी वाढव, आणि ‘ना’ कोरडा पडला की निमूट मागे ये.

दुगुन हातात यायच्या आधी तोंडात येऊ दे. टाळी देत पढंत कर, म्हणजे बोल तोंडाने म्हण; जिभेला जिथे अडखळायला होतं तिथेच बोटंही अडकतात.

आणि रविवारी तीन तास बडवू नकोस. रोज अर्धा तास पुरे. शिकलेल्या हालचाली झोपेत पक्क्या होतात, त्यामुळे मधल्या रात्रीही आपलं काम करत असतात. चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या, म्हणजे कोंडून घेऊन केलेल्या रियाजाच्या, गोष्टी ऐकून नवशिका घाबरतो. त्या आपल्यासाठी नाहीत.

ऐकायचंच तर थोर तबलावादक अहमदजान थिरकवाँ खाँसाहेबांची उतारवयातली ध्वनिमुद्रणं ऐक. लहानपणापासून गुरू मुनीर खाँसाहेबांची तालीम, मग बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत वर्षानुवर्षं संगत. त्यांच्या तबल्यात मला सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? मध्यलयीत एकेक बोल वेगळा आणि भरलेला ऐकू येतो, कुठेही ओढाताण नाही. तेवढ्यासाठी मी ती पुन्हा पुन्हा लावतो.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेचं म्हणशील, तर एप्रिल-मेच्या सत्राचा फॉर्म यंदा भरू नकोस. वर्षअखेरीचं सत्र आहेच. तारखेकडे बघत वाजवलंस तर ८० चा आकडा काही सुटायचा नाही.

पुढच्या पत्राआधी मोबाईलवर कायदा रेकॉर्ड करून पाठव: ४० च्या लयीत, आधी ठाय, मग दुगुन. मध्ये थांबलास तरी कापू नकोस, कुठे थांबलास तेच मला ऐकायचंय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र