घारी बघायला

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन रोजचाच आहे, पण फोनवर आई आधी ‘जेवलीस का’ विचारते आणि मग सगळी गाडी भाजीवर जाते. म्हणून लिहायला बसले.

रविवारी इथल्या, इंग्लंडातल्या लाँग मिंड नावाच्या डोंगरावर गेले होते. उंची पाचशे मीटरच्या थोडी वर, माथा आपल्या मसाई पठारासारखा ऐसपैस आणि गवताळ. मेंढ्यासुद्धा आहेत. त्या माथ्यावर ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, उडवणाऱ्यांचा १९३४ साली सुरू झालेला क्लब आहे. पश्चिमेचा वारा डोंगराला धडकून वर चढतो आणि त्याच्या जोरावर ग्लायडर कड्याकडेनं येरझाऱ्या घालत राहतात. गंमत म्हणजे तिथं अजून कधीकधी रबरी दोरानं ग्लायडर सोडतात. नाकाला दोर अडकवायचा, दोन्ही बाजूंनी माणसांनी तो ओढत उताराकडे पळत सुटायचं. की ग्लायडर बेचकीतल्या खड्यासारखं निघालं! पंखाचं टोक धरून पंधरा-सोळा वर्षांची एक पोरगी उभी होती. मला एकदम पुण्यातल्या हडपसरचा माझा ग्लायडिंगचा कॅम्प आठवला.

एनसीसीच्या एअर विंगचा तो फॉर्म आठवतो? आई, तू म्हणालीस, “इंजिनच नाही म्हणतीस, आणि वर विमान म्हणतीस?” बाबांनी काही न बोलता सही केली. चार दिवस घरात आमटीला फोडणी जरा जास्तच चरचरत होती.

बाबा, तिथलं विंच, म्हणजे ग्लायडर दोरानं ओढून वर चढवणारं यंत्र, तुम्हाला दाखवायचं राहूनच गेलं. उद्यमनगरात आयुष्य काढलेल्या माणसाला ते पाच मिनिटांत कळलं असतं. मोठं इंजिन, क्लच, ड्रम आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला पोलादी दोर. ड्रम फिरला की पाठ सीटला चिकटते, नाक आभाळाकडे जातं आणि जमीन दिसेनाशी होते. वर पोचल्यावर पिवळा खटका ओढायचा. दोर सुटला की नुसता वारा. पहिल्या वेळी मला खालच्या वस्तीतलं कुत्रं भुंकताना ऐकू आलं होतं. समोरच्या काचेवर लोकरीचा एक तुकडा चिकटवलेला असतो. तो सरळ राहिला तर ग्लायडर सरळ चाललंय, तिरका झाला तर पाय चुकला. एवढ्या सगळ्या यंत्रात माझा विश्वास बसला तो त्या धाग्यावर.

आणि हे सगळं पाच-सहा मिनिटांचं. बाकी दिवसभर उन्हात ग्लायडर ढकलत परत आणायचं. आईच्या डब्यातली लसणाची चटणी पहिल्याच दिवशी पोरींनी संपवली, हे तिला सांगितलं नव्हतं.

एकदा सरांनी मागून विचारलं, “वर चढणारी हवा कुठं असेल?” मी म्हटलं, “त्या घारी फिरतायत तिथं.” सर म्हणाले, कुणी शिकवलं? काय सांगणार! बाबा, उजळाईवाडीच्या माळावर तुम्ही मला स्कूटरवर पुढं उभी करून विमानं बघायला न्यायचात. कोल्हापूरचा तो विमानतळ १९३९ चा, राजाराम महाराजांच्या वेळचा; पण आपण जाऊ तेव्हा विमान म्हणून नसायचं. मग घारी बघायचो. “बघ, पंख हलवत नाही, तरी वर चाललीय. खालची जमीन तापलीय,” असं तुम्ही म्हणायचात. मला वाटायचं, विमान आलं नाही म्हणून माझी समजूत काढताय.

त्या कॅम्पात एकटीनं उडायला काही मिळालं नाही. ती हुरहुर आहे अजून. परवा क्लबातल्या बाईंनी विचारलं, आधी किती लाँच झालेत? आकडा काही आठवेना.

तर काम असं आहे. माझं उड्डाणांच्या नोंदींचं निळं लॉगबुक माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत असेल, आईच्या जुन्या इरकलीखाली. पानांचे फोटो काढून पाठवा. आणि बाबा, शिडीवर तुम्ही चढायचं नाही. शेजारच्या पोराला हाक मारा.

तुमची,
ताई