वाड्याचा फोटो काढलात, पण पत्ता कुठे आहे?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

१८ एप्रिलचा वारसा दिन किंवा नोव्हेंबरातला वारसा सप्ताह जवळ आला की पुण्याच्या पेठांतून पायी हिंडून काढलेल्या फोटोंचा पाऊस पडतो. दिंडी दरवाजा, पितळी कडी, चौकात उतरलेला उन्हाचा कवडसा, ओट्यावर झोपलेली मांजर. खाली ओळ असते, ‘पेशवेकालीन वाडा, पुणे’. पेठ कोणती, गल्ली कोणती, साल कोणते, यातले काहीच नसते. पुढे वाडा पडतो, तिथे पार्किंगवर उभी इमारत येते आणि हा फोटो कोणत्या घराचा होता हे सांगायला कुणी उरत नाही.

शनिवारवाड्याच्या आतले महाल २७ फेब्रुवारी १८२८ला लागलेल्या आगीत गेले. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ साली. अकरा वर्षांनी चुकामूक झाली, म्हणून त्या महालांचा एकही फोटो नाही. आज कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव पेठांत जे वाडे उरले आहेत त्यांच्या बाबतीत मात्र प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. म्हणून फोटो कसा काढावा आणि कसा नोंदवावा, याबद्दल थोडे तपशिलात लिहीत आहोत.

सुरुवात उजेडापासून. पुण्यात सूर्य बाराला माथ्यावर येत नाही, साधारण साडेबाराला येतो. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या अरुंद गल्लीत पूर्वेकडे तोंड असलेल्या दर्शनी भागावर सकाळी उशिरा ऊन उतरते आणि साडेबारानंतर समोरच्या बाजूची पाळी येते. विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग पूर्वेकडे आहे. त्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब आणि सज्जा टिपायचा तर सकाळीच जावे, तेही रविवारी, म्हणजे बाजीराव रस्त्यावर समोर बस आणि रिक्षांची भिंत नसते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा याच्या उलट. तो उत्तराभिमुख असल्याने नोव्हेंबर-डिसेंबरात दिवसभर सावलीत असतो आणि सूर्य त्याच्या पाठीमागे असतो. वारसा सप्ताहातल्या बहुतेक फोटोंत दरवाजा काळा आणि आकाश पांढरेफटक दिसते ते यामुळे. मे-जूनमध्ये सूर्य पूर्वेच्याही उत्तरेला उगवतो, तेव्हा सकाळी आठच्या आत त्या दगडावर तिरकस ऊन पडते आणि दारावरचे अणकुचीदार खिळे एकेक मोजता येतात. ते जमणार नसेल तर पावसाळ्यातला ढगाळ दिवस निवडावा. आकाश फोटोत कमीत कमी घ्यावे.

काळ्या दगडाचे दुखणे वेगळे. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या मंदिराचे दार कोरीवकामाने भरलेले आहे. साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि भोवती युरोपीय शिपाई, हे शिल्प पाहायलाच लोक येतात. पण कॅमेऱ्याला काळा दगड म्हणजे अंधार वाटतो, तो आपणहून उजेड वाढवतो आणि दगड राखाडी, धुरकट होतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, उणे पाऊण ते उणे एक ठेवावे. मोबाइलवर दगडाला बोट लावून उजेडाची पट्टी खाली ओढावी. समोरून फ्लॅश मारला तर कोरीवकाम सपाट होते, कारण खोली दिसते ती सावलीने. ऊन बाजूने येईल तेवढे थांबावे. आणि शिलालेखात खडू भरून अक्षरे उठवण्याचा जुना उद्योग कुणीही करू नये. खडू भेगांत राहतो आणि पुढच्या वाचकाला चुकीचीच अक्षरे दिसतात.

गल्लीत सगळ्यात जास्त बिघडते ते वाड्याचे तोंड. मागे सरकायला जागा नसते, म्हणून लोक कॅमेरा वर उचलतात आणि वाडा मागे कलंडल्यासारखा येतो. कॅमेरा सरळ, भिंतीला समांतर धरावा. खाली रस्ता जास्त आला तरी चालेल, तो नंतर कापता येतो. समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून परवानगी मिळाली तर उत्तमच, तिथून निम्मी अडचण मिटते. मोबाइलचा ०.५ चा कॅमेरा मोह घालतो, पण तो कडेचे खांब ताणतो. त्यापेक्षा नेहमीच्या भिंगाने दोन-तीन फोटो घेऊन जोडावेत, प्रत्येकात आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा येऊ द्यावा. वेगळा कॅमेरा असेल तर २४ मिमीचे एक भिंग पुरे. आतल्या सोप्यात, म्हणजे चौकाभोवतीच्या उघड्या दालनात, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६००, भिंगाचे छिद्र एफ ४ आणि १/३० सेकंद इथून सुरुवात करावी, कोपर खांबाला टेकवावे. कडीपाट, म्हणजे तुळया आणि फळ्यांचे छत, टिपताना मधल्या चौकातला उजेड फोटोत येऊ दिला की तुळया काळ्या पडतात. चौकाकडे पाठ करावी.

एका वाड्याचे पाच फोटो लागतात. शेजारच्या दोन्ही घरांसकट गल्ली, समोरून सरळ तोंड, गणेशपट्टीसह (चौकटीवरच्या गणपती कोरलेल्या पट्टीसह) दार, एखादा बारकावा आणि पत्ता. बारकाव्याच्या फोटोत, मग तो तळखडा (खांबाखालचा दगड) असो की खांबावर कोरलेले केळफूल, शाळेतली १५ सेंमीची पट्टी ठेवावी. पट्टी विसरली तर दहा रुपयांचे नाणे चालते, ते २७ मिमीचे असते. पाचवा फोटो सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत मोलाचा, कारण त्यात घर क्रमांकाची पाटी किंवा गल्लीचा फलक असतो. पेठांत घराची ओळख क्रमांक आणि पेठ अशीच असते, ती जशीच्या तशी लिहून ठेवावी. दर्शनी भागाला किती खण, म्हणजे दोन खांबांमधले गाळे, आहेत तेही मोजावे. वाडा गेल्यावर त्याची रुंदी काढायला तेवढा एक आकडा मदतीला येतो.

निघण्यापूर्वी कॅमेऱ्यातले घड्याळ तपासावे. बॅटरी पूर्ण उतरली की कित्येक कॅमेऱ्यांची तारीख मूळपदावर जाते आणि मग सगळा वाडा २०१५ साली काढलेला ठरतो. वीजतारा आणि फ्लेक्स नकोसे वाटतात, हे मान्य. पण मोबाइलमधून ते पुसताना यंत्र त्या जागी स्वतःच्या मनाने खिडकी किंवा नक्षी रचते. पुसलेली प्रत भिंतीवर लावा, मूळ फाइलला हात लावू नका.

तारखांइतकीच नावांतही गफलत होते. लाल महालाचा फोटो ‘शिवकालीन वास्तू’ म्हणून छापला जातो. मूळ लाल महाल केव्हाच गेला, आजची इमारत महापालिकेने १९८०च्या दशकात बांधली आहे. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ सालचा, तरी तो थोरल्या बाजीरावाच्या नावावर खपतो, रस्त्याच्या नावामुळे असेल. मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ सालची, म्हणजे पेशवाई संपून ६८ वर्षे झाल्यानंतरची.

आता माणसांबद्दल. वाडा म्हणजे कुणाचे तरी राहते घर. अनेक वाड्यांत मालक आणि भाडेकरू यांचे वाद चालू असतात, त्यामुळे कॅमेरा दिसला की पहिला प्रश्न येतो, बिल्डरकडून आलात की महापालिकेकडून? आधी कॅमेरा पिशवीत ठेवून बोलावे, मग काढावा. देवघर, कपाटे, वाळत घातलेले कपडे, दारावरची नावाची पाटी हे सार्वजनिक करू नये. पत्ता नोंदीसाठी असतो, जगभर वाटण्यासाठी नाही. दुपारी एक ते चार कडी वाजवू नये, हे पुण्यात वेगळे सांगायला नको.

कसब्यातल्या तांबट आळीत तर जास्तच सांभाळावे लागते. मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने ठोके देण्याचे काम, चालू असताना फ्लॅश मारला तर तो तांब्यावरून थेट कारागिराच्या डोळ्यांत जातो, आणि त्याच क्षणी हातोडी खाली येत असते. हातोडी स्थिर हवी असेल तर १/५०० सेकंद लागतो, तिची हालचाल दाखवायची तर १/६० पुरतो. दोन्ही दाराशी येणाऱ्या उजेडात जमते.

सरकारी नियम एका ओळीत मावतो. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे हातात धरून फोटो काढता येतात, तिपाईला आधी परवानगी लागते. मेट्रोचे कसबा पेठ आणि मंडई स्थानक झाल्यापासून गाडी कुठे लावायची हा प्रश्न उरलेला नाही. मात्र पावसाळ्यात थंडगार डब्यातून बाहेर आल्यावर भिंगावर दव धरते. ते पुसत बसू नये, कॅमेरा बंद पिशवीतच दहा मिनिटे राहू द्यावा.

आपल्याकडे एकच मागणे आहे. यापुढे वारशाचे फोटो मागवताना पेठ, गल्ली, महिना-साल आणि कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, या चार गोष्टी सक्तीच्या कराव्यात. छापताना जागेअभावी घर क्रमांक गाळला तरी हरकत नाही, तो आपल्या दप्तरी फोटोसोबत राहू द्यावा. आणि ज्या फोटोखाली नुसते ‘पुणे’ लिहिलेले असेल तो कितीही देखणा असला तरी पाठवणाऱ्याकडे परत धाडावा.

आपले,
पेठांतल्या वाड्यांच्या नोंदी ठेवणारे काही वाचक, पुणे