पाणी साठवायचे नाही, तर धरण कशाला?

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, इथे अमेरिकेत कॉर्डेल गावाजवळच्या मातीच्या धरणाचा फोटो पाहून तुम्ही विचारलेत की ना कालवा, ना दार, पाणी सोडूनच द्यायचे तर अडवले कशाला. फोनवर मला नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते.

ओक्लाहोमातल्या वॉशिटा नदीला १९३४ च्या एप्रिलमध्ये आलेल्या पुरात हॅमन गावाजवळ १७ माणसे गेली. पुढे १९४४ च्या कायद्याने ज्या ११ खोऱ्यांत पूरनियंत्रणाचे काम मंजूर झाले, त्यांत वॉशिटाही होती, आणि क्लाउड क्रीक ओढ्यावरचे हे धरण १९४८ च्या जुलैत पुरे झाले. या जातीचे ते अमेरिकेतले पहिले.

सारी खुबी पाण्यात उभ्या केलेल्या, धुराड्यासारख्या काँक्रीटच्या विहिरीत आहे. पाणी तिच्या तोंडापर्यंत चढले की आत पडते आणि भरावाखालच्या नळातून पलीकडे जाते. नळ मुद्दाम लहान ठेवलेला असल्यामुळे काही तासांत आलेला लोंढा उतरायला कित्येक दिवस लागतात आणि खालची शेते वाचतात. रात्री दार उघडायला कोणी धावायला नको. त्याहूनही मोठा पाऊस झाला, तर बाजूचा गवती सांडवा आहेच. विहिरीच्या तोंडाखाली जे तळे उरते ती मुळात गाळासाठी राखलेली जागा. गुरांना पाणी मिळते, तो वरकड लाभ. आई, १९७२ च्या दुष्काळात तू ज्या पाझर तलावावर मातीच्या पाट्या वाहिल्यास तो भरला की गाव सुखावते; हे धरण मात्र पावसाआधी जितके रिकामे तितके चांगले.

अशी बरीच धरणे ५० वर्षांच्या हिशेबाने बांधली होती. ती मुदत सरली, गाळ चढला, आणि पूर येईनासा झाला म्हणून काही ठिकाणी लोकांनी धरणाखालीच घरे बांधली! शेतांसाठी घातलेला भराव आता फुटला तर माणसे जातील, म्हणून २००० मध्ये दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करावा लागला.

इथे भरावावर झाड वाढू देत नाहीत, कारण मूळ कुजले की त्या पोकळीतून पाणी वाट काढते. आपल्या तलावावरच्या बाभळी मात्र परस्पर उपटू नका, जाणत्या अभियंत्याला दाखवा. तलाव भरला की भरावाच्या पायथ्याशी पाणी झिरपते का आणि ते निवळ आहे की गढूळ, एवढे पाहून मला फोनवर सांगा. गढूळ असेल तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला कळवा.

तुमची,
ताई