नवे सर्व्हर सुरू होण्याआधीच बंद पाडले गेल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ऑटो-स्केलिंगमधील सेटिंग आम्हाला न कळवता बदलल्यामुळे झालेला खोळंबा आणि त्यापोटी आकारलेले बिल

महोदय / महोदया,

आमचे अर्ज-नोंदणीचे संकेतस्थळ गेली तीन वर्षे आपल्या क्लाउड सेवेवर चालते. एरवी त्यावर तुरळक वर्दळ असते आणि तीन सर्व्हर पुरून उरतात. मात्र नोंदणी खुली होते त्या दिवशी पहिल्या तासातच इतके लोक येतात की तिप्पट-चौपट सर्व्हर लागतात. ही गरज वर्षातून मोजक्याच दिवसांची असल्याने बारा सर्व्हर बारमाही पोसण्यापेक्षा आम्ही आपली ऑटो-स्केलिंगची, म्हणजे गर्दीप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढवण्या-घटवण्याची, सुविधा घेतली. सीपीयूचा, म्हणजे सर्व्हरच्या प्रोसेसरचा, सरासरी वापर 60 टक्क्यांच्या वर गेला की दोन सर्व्हर वाढावेत आणि गर्दी ओसरल्यावर ते आपोआप कमी व्हावेत, असा नियम आम्ही लावला होता, आणि मागच्या दोन्ही नोंदण्यांच्या वेळी तो चोख चालला, हे प्रथम नमूद करतो.

या वेळी सकाळी 10 वाजता नोंदणी खुली झाली. 10:04 ला सीपीयू 60 टक्क्यांपुढे गेला आणि दोन नवे सर्व्हर सुरू झाल्याची नोंद डॅशबोर्डवर उमटली, तेव्हा आम्ही निश्चिंत झालो. दीडच मिनिटात त्या दोन्ही सर्व्हरपुढे ‘अनहेल्दी’ असा शेरा आला, ते बंद केले गेले आणि त्यांच्या जागी आणखी दोन सुरू झाले. त्यांचीही तीच गत झाली. हे चक्र 50 मिनिटे चालले. लॉगमधील नोंदी आम्ही एकेक करून मोजल्या आहेत : 58 सर्व्हर सुरू झाले, आणि त्यांतल्या एकानेही एकाही अर्जदाराची विनंती हाताळली नाही.

कारण शोधायला आम्हाला दोन दिवस लागले, पण ते स्पष्ट आहे. आमचा सर्व्हर सुरू झाल्यावर ॲप्लिकेशन उतरवून घेतो, डेटाबेसशी जोडणी करतो, कॅशे (वारंवार लागणाऱ्या माहितीचा तात्पुरता साठा) भरतो आणि सुमारे 190 सेकंदांनी उत्तर देऊ लागतो. म्हणूनच हेल्थ चेकचा (सर्व्हर उत्तर देतो की नाही हे पाहणाऱ्या तपासणीचा) ग्रेस पीरियड, म्हणजे नव्या सर्व्हरला तपासणीतून मिळणारी सुरुवातीची सवलत, आम्ही 300 सेकंद ठेवली होती. आपल्या कंट्रोल पॅनेलची नवी आवृत्ती ज्या रात्री आली, त्याच रात्री ही सवलत 60 सेकंदांवर आली. पॅनेलच्या बदल-नोंदीत हा बदल करणाऱ्याच्या रकान्यात ‘सिस्टिम’ असे आहे; आमच्यापैकी कोणाचेही खाते तिथे नाही. साठ सेकंद संपताच दर 15 सेकंदांनी होणारी तपासणी सुरू झाली, सलग दोन वेळा उत्तर आले नाही, आणि अजून उभाही न राहिलेला सर्व्हर मेलेला ठरवला गेला.

त्याहून मोठे नुकसान पुढे झाले. सगळा भार जुन्या तीन सर्व्हरवरच राहिल्याने तेही तपासणीला वेळेत उत्तर देईनात. मग लोड बॅलन्सरने, म्हणजे येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटून देणाऱ्या यंत्रणेने, त्यांनाही एकेक करून बाजूला काढले. 10:20 नंतर सारी वर्दळ एकाच सर्व्हरवर येऊन पडली आणि बहुतेकांच्या पडद्यावर 503 (सेवा उपलब्ध नाही) ही त्रुटी दिसू लागली. आपण सातव्यांदा अर्ज भरतो आहोत आणि दर वेळी कागदपत्रे चढवून झाल्यावर पान कोरे होते, असे एका अर्जदाराने आम्हाला फोनवर सांगितले. त्यांना देण्यासारखे उत्तर आमच्याकडे नव्हते. शेवटी 10:54 ला आम्ही हेल्थ चेकच बंद करून सर्व्हर हाताने वाढवले आणि मगच संकेतस्थळ पूर्ववत झाले.

नोंदणीची वेळ आधीच ठाऊक असल्याने अर्धा तास अगोदर सर्व्हर वाढवून ठेवण्याचे वेळापत्रक आम्ही लावायला हवे होते, हे आम्हाला मान्य आहे आणि ते आता लावले आहे. तथापि त्यामुळे आपली जबाबदारी कमी होत नाही. याआधी केलेल्या आमच्या दोन्ही तक्रारींना ‘ऑटो-स्केलिंग ठरवलेल्या नियमांनुसारच चालले’ हेच उत्तर आले आणि वर मोठ्या क्षमतेचा सर्व्हर घेण्याचा सल्ला मिळाला. नियम ठरवला आम्ही आणि बदलला आपण, हा आमच्या तक्रारीचा गाभा असताना त्याविषयी त्या उत्तरांत एक शब्दही नाही. शिवाय प्रत्येक सर्व्हरमागे किमान एक तास आकारण्याच्या आपल्या पद्धतीमुळे, दोन मिनिटेही न टिकलेल्या सर्व्हरसाठी आम्हाला 58 तासांचे बिल आले आहे.

तरी हे 58 तासांचे बिल पूर्णपणे रद्द करावे आणि आमची सेटिंग कोणत्या प्रक्रियेत, कशामुळे बदलली याचा लेखी खुलासा द्यावा, ही विनंती. यापुढे ग्राहकाने स्वतः ठेवलेली कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी ईमेलने कळवले जाईल, अशी हमी आम्हाला हवी आहे. नवे सर्व्हर लागोपाठ बंद पडू लागल्यास इशारा देण्याची सोयही आपण करावी. आपल्या डॅशबोर्डवर ते सगळे नेहमीच्या हालचालीसारखेच हिरव्या रंगात दिसत होते, त्यामुळे आमची पहिली वीस मिनिटे वाया गेली.

त्या 50 मिनिटांचे लॉग, बदल-नोंदीचे छायाचित्र आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. पुढची नोंदणी दोन महिन्यांवर आली असून सेवा आपल्याकडे ठेवायची की हलवायची हे आम्हाला त्याआधी ठरवावे लागेल. म्हणून 15 दिवसांत उत्तर मिळावे.

कळावे,

आपला ग्राहक,
तांत्रिक व्यवस्थापक, अर्ज-नोंदणी संकेतस्थळ