मागच्या डाव्या चाकाची ओल

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्यापुढे आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच "चहा टाक" म्हणून विषय बदलता. शिवाय आपल्या इंदुरात अजून कितीतरी घरांपुढे जुनी फियाट, अँबेसेडर नाहीतर जीप उभी आहे, आणि त्यांपैकी कुणाच्या तरी ब्रेकचं ऑइल आत्ताही कुठेतरी झिरपत असेल. तुम्ही नेमकं काय केलंत ते त्यांनाही कळायला हवं.

आमची गाडी 1971ची फियाट 1100 डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असलेली. 'पद्मिनी' हे नाव पुढे 1974 साली आलं. गाडी सासऱ्यांची, चालवते मी. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, आणि मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडल दाबलं की ऑइलला दाब देणाऱ्या पंपापासून, निघणारी ऑइलची लाइन चारही चाकांना मिळून एकच. म्हणजे गळती एका चाकाकडे असली तरी लाइन तिथे फुटली की चारही ब्रेक एकदम जाणार. तुम्ही हे पहिल्याच दिवशी सांगितलंत, आणि त्यानंतर "थोडं ऑइल कमी होतंय" हे वाक्य मला कधी किरकोळ वाटलं नाही.

ऑइल कमी होत होतंच. डबीतली पातळी उतरायची, पेडल खोल जायचं, दोन-तीनदा मारलं की परत कडक व्हायचं. अंगणातल्या फरशीवर मात्र एक डाग नाही. फक्त मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या मागच्या पत्र्यावर, ओल. ती बघून एका गॅरेजात त्या चाकाच्या सिलिंडरचं किट बदललं गेलं, मग अख्खा सिलिंडर. ओल तशीच. मग मास्टर सिलिंडर नवा टाका असं सांगण्यात आलं, आणि तो डिलाइटसाठी सहज मिळत नाही म्हणून आम्ही मुंबईपर्यंत फोन लावत बसलो होतो.

तेव्हा सासऱ्यांनी तुम्हाला बोलावलं. तुम्ही आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचात एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही आलात, गाडीला हात लावला नाहीत, आणि मला विचारलंत, "पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं का?" मी म्हटलं, नाही, टिकतं. "आणि ऑइल कमी होतंय?" हो. "मग मास्टरला आधी कशाला दोष द्यायचा? मास्टरच्या आतला कप गेला तर पेडल बसतं, ऑइल मात्र आतल्या आतच राहतं. इथे ऑइल घराबाहेर पडतंय. ते कुठून पडतं ते डोळ्यांनी दिसेपर्यंत एक रुपयाचा पार्ट आणायचा नाही."

नाना, त्या वाक्यासाठीच मुळात हे पत्र आहे. इतक्या जणांनी गाडी बघितली, प्रत्येकाने काहीतरी बदलायला सांगितलं. आधी बघू या म्हणणारे तुम्ही एकटे.

मग गाडी वर घेतली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली तुम्ही मला डोकंही घालू दिलं नाहीत. तुमच्या घरून लोखंडी घोड्या आल्या, पुढच्या चाकांना दगड लागले, तेव्हा काम सुरू झालं. ड्रम उतरवला. सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या तुम्ही उचलून दाखवल्या: आत कोरडं. लायनरही कोरडे. आत कोरडं आणि बाहेरच्या पत्र्यावर ओल, हे कोडं तिथेच अर्धं सुटलं होतं, पण तुम्ही ते मला माझ्या वेळाने सुटू दिलंत.

आधी ती ओल कशाची, ते ठरवलं. मागच्या धुऱ्यात गिअर ऑइलही असतं, त्याचं सील गेलं तरी चाकापाशी ओल येते. तुम्ही बोटावर थेंब घेऊन वाटीभर पाण्यात सोडलात. गिअर ऑइल असतं तर तवंग आला असता आणि तो गंधकासारखा उग्र वासही. थेंब पाण्यात विरघळून गेला. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, ते पाण्यात मिसळतं. इतकी साधी परीक्षा, आणि लागली फक्त स्वयंपाकघरातली एक वाटी.

त्यानंतर तुम्ही जे दाखवलंत ते मी एकटीने जन्मात पाहिलं नसतं. ब्रेक ऑइल रंग खातं. पत्र्याच्या वर, धुऱ्याच्या नळकांड्यावर, काळ्या रंगात एक बोटभर रुंदीचा पट्टा मऊ पडून सुटला होता. तुम्ही बॅटरीचा उजेड त्या पट्ट्यावरून सरकवत नेलात, चाकापासून धुऱ्याच्या मधल्या गोळ्याकडे, जिथे मागच्या चाकांचे गिअर असतात, आणि पट्टा जिथे संपला तिथे ब्रेकची लोखंडी नळी धरून ठेवणारी एक पत्र्याची पट्टी होती. पट्टीखाली काळी माती गच्च बसलेली. आपल्या माळव्याची ही माती एकदा चिकटली की पाणी सोडत नाही. वर्षानुवर्षं ती तिथे ओली राहिली आणि नळीला खालून गंज चढत गेला. ऑइल तिथून निघून नळीच्या अंगाअंगाने उताराला लागायचं आणि चाकाच्या पत्र्यापाशी येऊन थांबायचं. सगळ्यांनी जिथे थेंब थांबला तिथे बोट ठेवलं. तुम्ही तो निघाला कुठून ते शोधलंत.

तरीही तुम्ही "सापडलं" म्हटलं नाहीत. सगळा भाग पाण्याने धुतला, फडक्याने पुसून वाळू दिला. मग सासऱ्यांच्या फडताळातली टाल्कम पावडर मागवून नळीवर, जोडांवर, पत्र्यावर भुरभुरवलीत आणि मला सीटवर बसवलंत. "सूनबाई, दाब. जोर लावून. धरून ठेव." मी सगळा भार पेडलवर टाकला होता. खालून तुमचा आवाज आला, "उतर आणि बघ." पट्टीच्या कडेला पांढऱ्या पावडरीत सुईच्या टोकाएवढा एक काळा ठिपका उमटला होता, आणि तो वाढत होता. बाकी सगळी पावडर कोरडी. पेडलवर जोर आला तरच ते भोक गळत होतं. उभ्या गाडीखाली फरशी कोरडी का राहायची, त्याचं उत्तरही त्या ठिपक्यात होतं.

नळीला पितळेचा टाका मारून देतो म्हणणारे भेटले, फ्रीजच्या तांब्याच्या नळीचा तुकडा जोडून देतो म्हणणारेही. तुम्ही दोन्हींना साफ नाही म्हणालात. साधं तांबं हादऱ्यांनी कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं. सियागंजातून ब्रेकचीच स्टीलची नळी आणली, जुनी नळी समोर ठेवून तिच्यासारखी प्रत्येक वळणाने वाकवली. आधी नट ओवायचा आणि मग नळीचं तोंड फुलवायचं, हे तुम्ही दोनदा बजावलंत. नवी पट्टी लावताना तिच्याखाली रबराचा तुकडा घातलात, माती साचायला जागाच राहू नये म्हणून.

ऑइल भरताना सासऱ्यांनी कपाटातली अर्धी बाटली पुढे केली. तुम्ही ती बाजूला ठेवलीत आणि त्यांना दुखावू न देता समजावून सांगितलंत. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. कोरडं असताना डॉट 3 प्रकारचं ब्रेक ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शिरलं की हा आकडा 140पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ड्रम तापले, ऑइल उकळून त्याची वाफ झाली, की पेडल पोकळीत जातं. तेव्हा बाटली सीलबंदच हवी. सासऱ्यांनी स्वतः उठून ती जुनी बाटली टाकून दिली. घरात त्यांना असं पटवणं कुणाला जमत नाही, नाना.

मग लाइनमध्ये अडकलेली एअर काढायची. त्याला मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी स्टिअरिंगच्या बाजूचं. चाकामागच्या एअर सोडायच्या निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक ऑइल घातलेल्या बाटलीत. दाब, धर, सोड. आपण जागा बदलल्या, तुम्ही पेडलवर बसलात आणि पाना माझ्या हातात दिलात. बुडबुडे येणं थांबलं आणि नुसतं स्वच्छ ऑइल यायला लागलं, तेव्हा निप्पल घट्ट केला तो मी.

मग राऊकडे मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक मारून बघितले, परत येऊन पुन्हा पावडर टाकून तपासलं, आणि नंतरच तुम्ही घाटाला परवानगी दिलीत. सिमरोलच्या पुढे भेरू घाट उतरताना तुमचं सांगणं मनात होतं: ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरायचं, पाय ब्रेकवर ठेवून बसायचं नाही. पेडल पहिल्या वळणाला जिथे होतं तिथेच शेवटच्या वळणालाही होतं. सासरे शेजारी बसले होते. ओंकारेश्वरला त्यांना त्यांच्याच गाडीतून जायचं होतं, आणि ते झालं.

पैशांचं नाव काढल्यावर तुम्ही रागावलात, म्हणून ते परत काढत नाही. पण तुमच्याकडे आहे ती विद्या आहे, आणि राजेंद्र नगरात गाड्यांची हौस असलेली पोरं पुष्कळ आहेत. रविवारी सकाळी आमचं अंगण मोकळं असतं. तुम्ही हो म्हणालात तर मी त्यांना गोळा करते.

दिवाळीनंतर पुढचे दोन्ही रबरी होस बदलायचे आहेत. त्यांना बारीक चिरा पडल्यात हे तुम्हीच दाखवलं होतंत. होस सांगून ठेवलेत. तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसा, पाना मी चालवीन, आणि चुकलं तर तिथल्या तिथे टोका.

आपली कृतज्ञ,
फियाटवाल्यांची सून
राजेंद्र नगर, इंदूर